अवकाशप्रवास, अतिवेगी : प्रचालन व संरक्षण

प्रकाशवेगाच्या लक्षणीय अंशाइतक्या वेगाने करावयाचा संकल्पित अवकाशप्रवास. सूर्याखेरीज सर्वांत जवळचा तारा (प्रॉक्झिमा सेंटॉरी) सु. ४·२४ प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर–१ या यानाच्या वेगाने (से.ला सु. १७ किमी.) तेवढे अंतर कापण्यास सु. ७५,००० वर्षे लागतील. हा प्रवास मानवी आयुर्मर्यादेत बसवावयाचा, तर प्रकाशवेगाच्या निदान १० टक्के, म्हणजे से.ला सु. ३०,००० किमी. वेग हवा. या वेगाने कोल्हापूर–पुणे हे सु. २३० किमी. अंतर सेकंदाच्या शतांशाहूनही कमी काळात कापले जाईल.

प्रचालन : रॉकेटाच्या गतीचे समीकरण रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन त्स्यॉलकॉव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार झोताच्या वेगाइतका अंतिम वेग मिळविण्यास रॉकेटाचे आरंभीचे द्रव्यमान अखेरच्या द्रव्यमानाच्या सु. २·७ पट, दुप्पट वेगास ७·४ पट, तर तिप्पट वेगास २० पट असावे लागते. द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या ज्वलनाने मिळणाऱ्या झोताचा वेग से.ला सु. ४·५ किमी. एवढाच असल्याने रासायनिक इंधने येथे निरुपयोगी ठरतात. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या डिडॅलस आराखड्यात (१९७३–७८) अणुकेंद्रीय संमीलनावर चालणारे, प्रकाशवेगाच्या सु. १२ टक्के वेगाचे निर्मनुष्य यान कल्पिले होते. त्याच्या सु. ५४,००० टन भारापैकी सु. ५०,००० टन इंधनच होते. तरीही मुक्कामी थांबण्याची सोय त्यात नव्हती.

संरक्षण : गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रकाशवेगाच्या दशांश वेगाने जाणाऱ्या यानावर १ मिग्रॅ. धूलिकण आदळल्यास सु. १०० किग्रॅ. टीएनटीच्या स्फोटाइतकी ऊर्जा मुक्त होईल. विरळ आंतरतारकीय वायूतील हायड्रोजनाचा प्रत्येक अणुही सु. ५० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने आघात करील. डिडॅलसमध्ये यासाठी पुढील बाजूस बेरिलियमची ढाल योजिली होती.

मानवी प्रवासात विश्वकिरणांचाही धोका असतो. हे किरण द्रव्यातून जाताना दुय्यम कणांचे वर्षाव निर्माण होतात. यांपैकी इलेक्ट्रॉन-वर्षावांची उपपत्ती होमी भाभा व वॉल्टर हाइट्लर यांनी १९३७ मध्ये मांडली. दुय्यम कणांमुळे धातूचे अपुऱ्या जाडीचे आवरण काही वेळा अपायकारकही ठरते. पाणी, पॉलिएथिलीन यांसारखे हायड्रोजनयुक्त पदार्थ अधिक उपयुक्त असतात. परंतु पुरेशा संरक्षणासाठी त्यांचाही जाड थर लागतो.

अशा रीतीने या दोन समस्या परस्परांत गुंतलेल्या आहेत : वेगासाठी यान हलके हवे, तर वेग वाढला की ढाल जड करावी लागते आणि तिच्या प्रत्येक किलोग्रॅमासाठी अनेक पट इंधन वाढते. म्हणून केवळ अधिक शक्तिमान एंजिन सापडल्याने हा प्रश्न सुटणार नाही.