पाझरत्या रस्त्याचा हिशेब

सुरतेजवळ हजिरा येथे २०२२ साली सहापदरी रस्त्याचा एक किलोमीटरचा टप्पा दगडी खडीऐवजी पोलाद कारखान्यातील मळी वापरून बांधण्यात आला. सुमारे एक लाख टन मळी त्यात खपली. कारखान्यात स्लॅग म्हणून ओळखली जाणारी ही मळी टणक, खडकासारखी असते. झोतभट्टीची मळी सिमेंटवाले उचलतात, साखरेच्या मळीलाही मद्यार्काचे कारखाने गिऱ्हाईक आहेत. पण लोखंडाचे पोलाद होताना निघणाऱ्या मळीला तसा वाली नाही. तिचे ढीग वाढत राहतात आणि खडीसाठी मात्र खरे डोंगर फुटत असतात!

हजिऱ्याचा रस्ता नेहमीच्याच जातीचा आहे. याच मळीचे पाझरते रस्ते करावेत, हा विचार त्याहून मोलाचा आहे. अशा रस्त्यात बारीक कच जवळजवळ वगळतात; एकसारख्या खड्यांत पंधरा ते पंचवीस टक्के पोकळी राहते आणि पाणी खालच्या थरात उतरते. पोकळ सांगाड्यात प्रत्येक खड्यावर भार अधिक येतो. तेथे मळीचा कठीणपणा कामी येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस कोणताच रस्ता जिरवू शकला नसता, हे मान्य. परंतु साध्या सरींनीही चौक तुंबतात, त्याला डांबर-काँक्रीटने झाकलेली जमीनही कारण आहे.

तथापि टाकाऊ वस्तू फुकट पडते, हा भ्रम आहे. मळीतील सुटा चुना पाण्याने फुगतो व रस्ता उखडतो. आणि पाझरत्या रस्त्यात तर पाण्याला मुद्दाम आत बोलावलेले असते! म्हणून मळी आधी कित्येक महिने उघड्यावर पाण्यात मुरवावी लागते. तिच्यातून झिरपणारे पाणी क्षारयुक्त असू शकते. जवळ विहीर असल्यास तपासणी अपरिहार्य ठरते. शिवाय ती खडीहून जड. रायगड जिल्ह्यातील डोलवीची मळी पनवेलला परवडेल. लातूरला नेताना भाडेच मालाला खाऊन टाकील.

खरी मेख मात्र निविदेत आहे. खडीच्या दरात फुटलेल्या डोंगराची किंमत नसते आणि साध्या रस्त्याच्या दरात तुंबलेल्या पाण्याचे नुकसान नसते. ते दुकानदाराच्या भिजलेल्या मालात आणि कारकुनाच्या बुडालेल्या रोजात विखुरलेले असते. उलट पाझरत्या रस्त्याची छिद्रे धुळीने व गाळाने बुजतात. ती दाबाच्या पाण्याने वा शोषण-यंत्राने वेळोवेळी मोकळी करावी लागतात. जेथे नालेसफाईचाच वाद दरसाल रंगतो, तेथे हे काम कोणत्या खर्चशीर्षाखाली होणार? ते न झाल्यास काही पावसाळ्यांत उरेल तो साधाच रस्ता, आणि तोही कमजोर.

म्हणून प्रारंभ जड वाहतुकीच्या हमरस्त्याने नव्हे, तर वाहनतळ, पदपथ आणि महाविद्यालयांची आवारे येथून व्हावा. आणि ठेकेदाराच्या देयकाचा एक भाग पाच वर्षे राखून, दर पावसाळ्यापूर्वी पाणी किती वेगाने उतरते हे मोजूनच तो हप्त्याहप्त्याने चुकता करावा.