भातुकलीतली पायरी

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती. तिने लॅपटॉपवर एक घर बांधले, त्यात आजी, आई आणि स्वतः ती अशी माणसे वसवली आणि शेवटी मला घडवायला घेतले. टक्कल झाले, चष्मा झाला, पोट झाले. मग ती अडली. "मामा, तुझं कॅलिपर यात मिळत नाहीये." दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला तेव्हापासून माझा डावा पाय आधाराशिवाय उभा राहत नाही. पडद्यावरचा मी मात्र तुरुतुरु जिना चढून गच्चीवर गेलो. गंमत वाटली, आणि थोडे लागलेही. या खेळांच्या मागे मी लागलो तो त्या दिवसापासून.

खेळाचे नाव 'द सिम्स'. यात शत्रू नाही, जिंकणे-हरणे नाही. माणसे घडवायची, घर बांधायचे आणि त्यांचा संसार चालवायचा, म्हणजे संगणकावरची भातुकलीच. 2014 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक माणसाला सहा गरजा असतात: भूक, झोप, सोबत, करमणूक, स्वच्छता आणि लघवी. खेळाडूने त्या भागवत राहायचे. अशा खेळांना 'लाइफ सिम्युलेशन' म्हणतात. आयुष्याचीच नक्कल करण्याचा दावा असल्यामुळे त्यांत कोणाचे शरीर गैरहजर आहे, हा प्रश्न इथे जास्त टोचतो. तलवारबाजीच्या खेळाला तो मी विचारला नसता.

या खेळाचा उगम माणसांत नव्हे, घरात आहे. ऑक्टोबर 1991 मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर भीषण आग लागली. तीत विल राइट या खेळकर्त्याचे घर जळाले. संसार नव्याने जमवताना कोणती वस्तू खरोखर लागते आणि का, याचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या 1977 च्या ग्रंथाचाही त्याच्यावर प्रभाव होता. खेळाडूने घर बांधावे आणि ते राहण्याजोगे आहे की नाही हे आतल्या माणसांच्या वागण्यावरून कळावे, अशी सुरुवातीची कल्पना होती. पुढे ही माणसेच इतकी रंगली की घर मागे पडले. 2000 साली पहिला खेळ बाजारात आला तो माणसांचा खेळ म्हणून.

पण घर तपासणारा हिशेब आत राहिलाच. माणूस फ्रिजकडे किंवा संडासाकडे निघाला की संगणक आधी वाट शोधतो. मध्ये टेबल आडवे असेल तर तो माणूस थबकतो, हात उडवून तक्रार करतो, आणि खेळाडू मुकाट्याने टेबल सरकवतो. त्या माणसावर उपचार करावेत असे कोणाच्या मनातही येत नाही. पहिल्या खेळात पोहण्याच्या तलावाची शिडी काढून टाकली की आतल्याला बाहेर येता येत नसे. दमून तो बुडून मरे. जगभरच्या पोरांनी ही क्रूर गंमत केली आहे. मला त्यातली नोंद महत्त्वाची वाटते: तो पोहता येत नव्हते म्हणून मेला नाही, शिडी नव्हती म्हणून मेला.

अपंगांच्या चळवळीचे हेच म्हणणे आहे. (सरकारी कागदावर मी आता 'दिव्यांग' आहे. मला जुना शब्द चालतो. माझ्या पायात दिव्य काही नाही.) शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाच्या रचनेने लादलेले अपंगत्व वेगळे, अशी मांडणी ब्रिटनमधल्या एका अपंग संघटनेने 1976 मध्ये केली. माइक ऑलिव्हर या अभ्यासकाने 1983 मध्ये तिला 'सोशल मॉडेल' हे नाव दिले.

जानेवारी 2023 मध्ये 'द सिम्स 4' मध्ये श्रवणयंत्रे आणि रक्तातली साखर मोजणारी उपकरणे आली. श्रवणयंत्र एका कानाला किंवा दोन्ही कानांना, आणि लहानग्यांनाही लावता येते. पुढच्या वर्षी अंगावरचे कोडही आले. याला कमी लेखू नये. यंत्र कानाला लावून शाळेत जाणाऱ्या मुलीला तसाच कान पडद्यावर दिसणे काय असते, ते ज्याने स्वतःला कधी पाहिलेच नाही त्याला विचारावे. पण ही यंत्रे डुलांसारखीच आहेत. घातली काय, काढली काय, सहा गरजांपैकी एकीवरही परिणाम होत नाही.

व्हायला हवा का? इथे मी बरेच दिवस घुटमळलो. कॅलिपर घातला की दमण्याचा वेग वाढवा, असे केले तर माझे शरीर म्हणजे उणे गुण ठरेल आणि शहाणा खेळाडू ते टाळेल. काहीच परिणाम नको म्हटले तर तो नुसता दागिना. अडचण अशी की दोन्ही वेळा आपण शरीराच्याच खात्यावर लिहीत बसतो. घराच्या खात्याकडे कोणी बघत नाही. उंबरा किती उंच, दार किती रुंद, हे मोजून एकाची वाट मोकळी आणि दुसऱ्याची बंद ठरवणे या खेळाच्या स्वभावाबाहेरचे नाही. टेबलाच्या बाबतीत तो ते करतोच. काम मोठे आहे हे मान्य. बसणे, झोपणे, मिठी मारणे अशी प्रत्येक हालचाल चाकांच्या खुर्चीसाठी वेगळी चितारावी लागेल.

बाहुली आधी आणि घर मागे, ही चूक जुनी आहे. 1997 मध्ये बार्बीच्या कंपनीने बेकी नावाची चाकांच्या खुर्चीतली मैत्रीण आणली. कौतुक झाले. मग लक्षात आले की बेकीची खुर्ची बार्बीच्या घरातल्या लिफ्टमध्ये मावतच नाही.

'स्टारड्यू व्हॅली' या 2016 च्या शेतीच्या खेळाने निराळी वाट धरली. गावात जॉर्ज नावाचा तिरसट म्हातारा आहे. खाणीतल्या अपघातानंतर तो चाकांच्या खुर्चीत आहे. एका प्रसंगी टपालपेटीतले पत्र त्याच्या हाताला येत नाही. पेनी नावाची मुलगी त्याची खुर्ची बाजूला ढकलते आणि पत्र काढून देते. जॉर्ज भडकतो. मग पेनी खेळाडूला विचारते, माझे चुकले का? 'आधी विचारायला हवे होतेस' असे उत्तर देता येते. बसमध्ये चढताना माझी बखोट न विचारता धरणारे भले लोक आठवून मी तो प्रसंग दोनदा पाहिला. तरीही पेटी खाली बसवावी हे गावात कोणालाच सुचत नाही. आणि खेळाडूला स्वतः जॉर्जसारखे होऊन ते शेत कसता येत नाही.

भाचीला हे सगळे मी फोनवर सांगितले. तिने ऐकून घेतले. दोन दिवसांनी तिने चित्र पाठवले: माझे घर तिने पाडून पुन्हा बांधले होते, एकमजली, अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत सपाट. खाली लिहिले होते, "तुला खेळात गरज नाहीये, माहितीये. तरी."

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टचा विषय सोसायटीच्या पुढच्या बैठकीत आहे.