हळदीची काढणी : वाफसा, कुदळ आणि कंदाची जखम

पलूस, भिलवडी, अंकलखोप या कृष्णाकाठच्या गावांच्या काळ्या रानात हळदीचे पीक आठ-नऊ महिने उभे असते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण होते, पावसाळ्यात पाने फोफावतात, दिवाळीनंतर कंद भरू लागतात आणि जानेवारी ते मार्च या अवधीत काढणी होते. लागण, भरणी, खते आणि पाणी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. काढणीकडे मात्र केवळ मजुरीचे काम म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः नऊ महिन्यांची मेहनत कुदळीच्या एका फटक्याने उणी होऊ शकते, आणि त्या फटक्याचा परिणाम चालू हंगामापुरता राहत नाही.

असे का घडते हे समजण्यासाठी जमिनीखाली नेमके काय असते ते पाहावयास हवे. मुळा व गाजर ही खरी मुळे होत. रताळे हे फुगलेले मूळ होय. हळद व आले मात्र जमिनीखाली आडवी वाढणारी खोडे आहेत. त्यांच्यावर पेरे असतात, पेऱ्यांवर डोळे असतात, आणि प्रत्येक डोळ्यात नव्या फुटव्याची शक्यता दडलेली असते. लावलेल्या बेण्यापासून जो मुख्य कंद तयार होतो त्याला शेतकरी जेठा गड्डा म्हणतो. त्याच्या बगलेतून बगलगड्डे निघतात आणि या सर्वांना बोटांसारखी हळकुंडे फुटतात. मूळ बेणे झिजून शिल्लक राहते तो सोरा गड्डा. हे सारे कुटुंब अरुंद मानांनी एकमेकांस जोडलेले असते. ओढ बसली की सर्वांत आधी तुटते ती ही मान. घाव बसला की सर्वांत आधी सापडतो तो फुगीर जेठा गड्डा. कुर्कुमा लाँगा ही वनस्पती त्रिगुणित असल्यामुळे तिला उपयोगी बी धरत नाही. पुढील वर्षाचे पीक याच कंदांपासून घ्यावे लागते. हेक्टरी सुमारे २५ क्विंटल जेठे गड्डे बेण्यासाठी राखून ठेवावे लागतात. म्हणजे काढणीच्या वेळी शेतकरी एकाच वेळी धान्य आणि बियाणे यांवर कुदळ चालवीत असतो.

काढणीची सिद्धता पाणी तोडण्यापासून होते. पाने पिवळी पडून वाळू लागली की पाणी बंद करतात; हलक्या जमिनीत साधारण पंधरा दिवस आधी, भारी जमिनीत त्याहून बरेच आधी. यामागे दोन हेतू आहेत. पिवळ्या पडणाऱ्या पानांतील अन्नांश कंदाकडे वाहत असतो, म्हणून पाला हिरवा असतानाच कापणे हे वजनावर पाणी सोडण्यासारखे आहे. दुसरे असे की, वाढ थांबल्यावर कंदाची साल घट्ट होते. बटाट्याच्या बाबतीत हा परिणाम नीट अभ्यासिला गेला आहे : वेल मेल्यानंतर दहा-पंधरा दिवसांत सालीखालचा विभाजनशील थर निवांत होतो व साल आतल्या गराला चिकटून बसते. कोवळ्या बटाट्याची साल अंगठ्याने सरकते, जून बटाट्याची सरकत नाही, याचे कारण हेच.

पाला जमिनीलगत कापून शेत चार-पाच दिवस तापू देण्याची रीत कृष्णाकाठी आहे. काळी माती सुकताना आकसते व भेगाळते. या भेगांमुळे वरंबा आपोआप तुकड्यांत विभागला जातो आणि प्रत्येक तुकड्यात बहुधा एक गड्डा सुटा होतो. येथपर्यंत कोरडेपणा शेतकऱ्याचा मित्र असतो. परंतु तो एक मर्यादा ओलांडतो तेव्हा भारी काळ्या जमिनीत ढेकूळ दगडासारखे होते. मग कंद मातीतून निघत नाही, ढेकळासह निघतो, आणि ढेकूळ फोडताना हळकुंडे फुटतात.

या मर्यादेला मराठीत 'वाफसा' असा अतिशय समर्पक शब्द आहे. जमीन ना चिकट, ना कडक. औत घातले असता माती फाळाला धरत नाही व ढेकळेही उठत नाहीत, ती अवस्था म्हणजे वाफसा. स्वीडिश मृदाशास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग याने १९११ मध्ये मातीच्या ओलाव्याच्या ज्या सीमा मांडल्या, त्यांपैकी आकार्यतेच्या सीमेच्या किंचित खालचा टप्पा आणि शेतकऱ्याचा वाफसा हे जवळजवळ एकच होत. माती ओली असते तेव्हा ती कंदाला चिकटते आणि कंद उपसताना मान तुटते. माती अति कोरडी असते तेव्हा तिच्या कणांची परस्पर पकड कंदाच्या मानेच्या बळाहून अधिक होते आणि पुन्हा मानच तुटते. या दोहोंमध्ये एक अवस्था अशी असते की, माती कंदाच्या आधी फुटते. काढणीचे सारे कौशल्य ही अवस्था ओळखण्यात आहे. ती पंचांगावरून ओळखता येत नाही. वीतभर खोलीची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकताच विस्कटला तर कुदळ धरावी. वरचा थर वाळलेला दिसला तरी खाली ओल असते, म्हणून पृष्ठभागावरून केलेला अदमास हमखास फसतो. भुईमुगाच्या रानातही हीच गोष्ट दिसते : जमीन कडक झाल्यावर उपटलेल्या वेलाच्या आऱ्या तुटतात, शेंगा मातीत राहतात आणि सरवा वेचणाऱ्यांची चंगळ होते.

हत्याराची दिशा हा पुढचा प्रश्न. गड्ड्याचा माथा वरंब्यात जेथे असतो तेथेच वरून कुदळ मारण्याची सवय सर्वत्र आढळते, कारण त्यात कष्ट कमी वाटतात. योग्य रीत अशी की, सरीत उभे राहून वरंब्याच्या कुशीत, कंदाच्या तळाखाली हत्यार रोवावे आणि दांडा दाबून माती वर उचलावी. यात हत्यार कापत नाही, ते तरफेचे काम करते. कंदांचा पसारा वीतभर खोलीपर्यंत असतो, म्हणून पाते त्याहून खाली जावयास हवे. काट्यांचे फावडे असल्यास इजा आणखी घटते, कारण सलग पात्यापेक्षा काट्यांच्या फटींतून कंद निसटून जाण्याची शक्यता अधिक. परंतु हत्यारापेक्षाही मजुरीची पद्धत येथे निर्णायक ठरते. काम उक्ते दिले म्हणजे वेग हाच नफा होतो आणि तुटलेल्या कंदाचा तोटा मालकाच्या खाती पडतो. बेण्याचा प्लॉट तरी रोजंदारीने काढावा, ही सूचना खर्चिक वाटली तरी हिशेबी आहे.

पलूसच्या शेजारीच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये तेथे कारखाना वसविला आणि लोखंडी नांगराचे नाव गावोगाव पोहोचले. हाच नांगर हळदीच्या काढणीस का वापरू नये, असा प्रश्न साहजिक पडतो. उत्तर त्याच्या रचनेत आहे : फाळामागचे वक्र पाते माती उलटवते, आणि उलटताना कंद कापले जातात किंवा पुन्हा मातीखाली गाडले जातात. वरंब्याखालून आडवे पाते नेणारी, माती न उलटवता केवळ उचलणारी ट्रॅक्टरची यंत्रे आता प्रचारात आहेत. त्यांचे यश पात्याची खोली व जमिनीचा वाफसा यांवरच अवलंबून असते; यंत्र आले म्हणून वाफशाची अट सुटत नाही.

उपटलेले कंद दोन-तीन दिवस शेतात तापू देतात. माती वाळून गळते आणि ताज्या कंदाचा ठिसूळपणा थोडा ओसरतो. पाण्याने तटतटलेली पेशी धक्क्याने चटकन फुटते. म्हणून काढल्याबरोबर कंद आपटून माती झाडण्याची घाई घातक असते. त्यानंतर हळकुंडे मानेपाशी हाताने मोडून गड्डे निराळे करतात. येथून दोन वाटा फुटतात. शिजविण्याची हळद काहिलीत किंवा वाफेच्या यंत्रात जाते. गवताची काडी सहज टोचली गेली की ती शिजली असे समजतात. अखंड हळकुंडांत मोडके तुकडे मिसळले असतील तर तुकडे आधी शिजतात, अखंड हळकुंडे कच्ची राहतात, आणि वाळल्यावर रंगात विसंगती दिसते. सांगलीच्या बाजारात लांब, सलग हळकुंडाला एक भाव आणि मोडक्या कणीला दुसरा. तरीही या वाटेवरची जखम फार काळ उघडी राहत नाही, कारण शिजताच कंदाचे जीवन संपते. वाळवून तयार झालेल्या हळदीला हरिपूरच्या पेवांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

बेण्याच्या वाटेवरची जखम निराळी. ती दोन-तीन महिने जिवंत कंदावर राहते. निसर्गाने तिच्यावर उपाय दिला आहे : जखमेच्या कडेच्या पेशींत प्रथम सुबेरिन साचते, मग तिच्याखाली बुचासारखा नवा थर तयार होतो. या क्रियेस ऊब आणि दमट हवा लागते. रताळ्याच्या व्यापारात यासाठी सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान व ८५ ते ९० टक्के आर्द्रता चार ते सात दिवस राखतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पलूसला ऊब हवी तेवढी असते, पण हवा कोरडी असते. उन्हात पडलेल्या बेण्याची जखम भरत नाही, केवळ वाळते व चिरते. पुढे लागणीनंतर ओल मिळताच पिथियमसारख्या कंदकुजीच्या बुरशीस तीच वाट मोकळी होते. झाडाच्या सावलीत बेण्याचा ढीग करून तो हळदीच्याच पाल्याने झाकण्याची जुनी पद्धत या दृष्टीने पाहिली असता तिचे मर्म उलगडते : पाल्याखाली कंदाच्या श्वसनातून निघणारी वाफ कोंडते आणि जखम भरण्यास लागणारी दमट हवा फुकट मिळते. ढीग फार मोठा झाला तर मात्र हीच उष्णता आत साठून कंद सडू लागतात.

परसबागेतील पिकांना हाच न्याय थोड्या फरकाने लागू पडतो. गाजर व मुळा यांना आदल्या दिवशी हलके पाणी देऊन, पानाला न धरता मुळाच्या माथ्याला धरून उपसावे. रताळ्याचा वेल आधी कापून मग बाहेरून आत खणत यावे. सुरणाच्या गड्ड्याभोवती हातभर अंतरावरून चर घ्यावा. यांपैकी गाजर-मुळ्याच्या मोठ्या जखमा नीट भरून येत नाहीत, म्हणून चिरलेले मूळ साठवणीत न ठेवता त्याच दिवशी स्वयंपाकात जावे हे उत्तम.

कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे आणि फुले स्वरूपा हा वाण त्याच्याच कामातून पुढे आला. नवा वाण हाती आलेल्या शेतकऱ्याकडे आरंभी बेणे थोडे असते. अशा वेळी काढणीनंतर कापलेले, खरचटलेले, मानेपाशी ओरबाडलेले गड्डे त्याच दिवशी वेगळे काढून शिजविण्याच्या ढिगात टाकावेत, आणि पाल्याखाली अखंड सालीचेच गड्डे जावेत. राखून ठेवलेला ढीग लागणीपूर्वी एकदा उघडून पाहिला असता कोणता गड्डा कुदळीने दुखावला होता हे हाताला लगेच कळते. तो मऊ लागतो.