संकोच सोडा, माप घ्या

साडी घेताना दुकानदाराला दहा घड्या मोडायला लावणारी गृहिणी ब्रेसियर मात्र न बघताच घेते. समोर पुरुष विक्रेता, शेजारी अनोळखी गिऱ्हाइके. मग हळूच '३४ द्या' म्हणायचे आणि पुडके पिशवीत टाकायचे. पुढे खांद्यावर वळ पडतात, काखेत काचते, स्तनांखाली घामोळे येते. ते मात्र मुकाट्याने सोसले जाते.

चांगल्या दुकानात आकडा विचारण्याआधी माप घेतले जाते. त्यासाठी स्त्री विक्रेती आणि घालून पाहण्यास आडोशाची जागा हवी. माप बदलून मिळेल का, हेही आधीच विचारावे.

अशी सोय नसेल तर माप घरीच घ्या. टेपने स्तनांच्या लगेच खालचा घेर मोजा. मग स्तनांच्या सर्वांत पुढे येणाऱ्या भागावरून मोजा. पहिल्या मापावरून पट्ट्याचा आकडा ठरतो, तर दोन्हींतील फरकावरून कपाचे ए, बी, सी हे अक्षर. काही कंपन्या खालच्या घेरात चार-पाच इंच मिळवून आकडा देतात. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसरीला चालेलच असे नाही. दोन्ही मापे चिठ्ठीवर लिहून नेल्यास दुकानात फार बोलावेही लागत नाही.

ब्रेसियर नीट बसली हे कसे ओळखावे? हात वर केल्यावर पट्टा पाठीवर वर सरकू नये. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत. स्तन कपाबाहेर येऊ नयेत. भार मुख्यतः पट्ट्याने पेलायचा असतो, खांद्यावरच्या बंदांनी नव्हे. नवी ब्रेसियर शेवटच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर बसणारी घ्यावी. धुऊन इलॅस्टिक सैल पडते, तेव्हा आतले हुक उपयोगी येतात.

गरोदरपणात, बाळंतपणानंतर किंवा वजन बदलल्यास माप पुन्हा घ्यावे. अंगावर पाजणाऱ्या मातेने घट्ट ब्रेसियर टाळावी; दूध साचून गाठ धरू शकते. ब्रेसियर साडीखाली लपवून वाळवू नका. दमट कापडाने त्वचेला बुरशीचा संसर्ग होतो.

ब्रेसियरमुळे कर्करोग होतो, या समजुतीला आधार नाही. मात्र स्तनात गाठ लागली, बोंडातून रक्त आले किंवा कातडी आत ओढली गेली, तर 'ब्रेसियर काचली असेल' म्हणून थांबू नका. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.