‘टाइम प्लीज’: वाळवंटात लार्प करण्याआधी

समजा, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तुम्ही चाळीस जण शारजाच्या मलीहाजवळ वाळूत जमला आहात. निम्मे गडावरचे, निम्मे वेढा घालणारे. एक टेकाड म्हणजे गड, चार गाड्यांची रांग म्हणजे तटबंदी, तलवारी फोमच्या. दुपारी साडेतीनला गडावरचा एक हवालदार झोकांड्या खात खाली येतो, काहीतरी असंबद्ध बडबडतो, बाजूच्याला शिवी हासडतो आणि वाळूत आडवा होतो. आजूबाजूचे काय करतील? माझा अंदाज, टाळ्या वाजवतील. एखादा व्हिडिओसुद्धा काढेल.

लार्प म्हणजे लाइव्ह ॲक्शन रोल प्ले. प्रेक्षक नाहीत, संहिता नाही, प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची आणि ती दिवसभर जगायची. सुरक्षेच्या दृष्टीने या खेळाची खरी अडचण तलवार नाही की वाळू नाही. अडचण ही की इथे सगळेच सोंग घेतात, त्यामुळे खरं दुखणं सोंगात लपतं. आणि नेमका उष्माघात असा आजार आहे की त्याची पहिली खूण बहुतेक वेळा वागण्यात दिसते. माणूस गोंधळतो, चिडतो, अडखळतो, भलतंच बोलतो. म्हणजे तो बरा अभिनय करतोय असंच वाटतं.

बिब लाताने आणि जॉन डार्ली यांचा १९६८ सालचा एक प्रयोग माझ्या विषयातल्या प्रत्येकाला शिकवला जातो (मी इथे पोस्टडॉक करते, लोक धोका कसा ओळखतात यावर). विद्यार्थी खोलीत बसून फॉर्म भरताहेत आणि भिंतीतून धूर यायला लागतो. एकटा विद्यार्थी असेल तर ७५ टक्के वेळा उठून कुणाला तरी सांगायचा. खोलीत तिघं असले की ३८ टक्के गटांमध्येच कुणीतरी उठलं. आणि बाकीचे दोघं प्रयोगकर्त्यांचे, मुद्दाम गप्प बसणारे असले की फक्त १० टक्के. कारण माणूस धुराकडे कमी बघतो आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे जास्त. आता विचार करा, लार्पमध्ये शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर काय असतं? भूमिका.

म्हणून जिथे हा खेळ जुना आहे तिथे त्यांनी खऱ्यासाठी वेगळे शब्द ठेवले. जर्मनीत खेळातल्या जखमेसाठी ‘हायलर’ला, म्हणजे वैद्याला, हाक मारतात, आणि खरं कुणी पडलं तर ‘झानि’ अशी ओरड होते. इंग्लंडमध्ये ‘मॅन डाउन’. उत्तर युरोपात ‘कट’ म्हणजे सगळं थांबवा आणि ‘ब्रेक’ म्हणजे जरा सौम्य घ्या, अशी जोडी चालते. आपल्याला परदेशातून काही आणायची गरज नाही, आपल्याकडे ‘टाइम प्लीज’ आहे. पुण्याच्या वाड्यात असो की डोंबिवलीच्या चाळीत, बुटाची लेस सुटली की ‘टाइम प्लीज’ म्हणायचं आणि राज्य असलेल्या भिडूनेही थांबायचं. अडचण एकच, पकडले जाऊ अशी वेळ आली की आपण सगळेच टाइम प्लीज म्हणायचो. म्हणून मी सुचवेन की खेळ थांबवण्यासाठी ‘टाइम प्लीज’ ठेवा, पण खरं संकट असेल तर त्याला माणसाचं खरं नाव जोडा. खेळात हवालदाराचं नाव रायाजी असेल, तर ‘टाइम प्लीज, निखिल!’ असं ओरडायचं. खेळाच्या जगात निखिल नावाचा कुणी नाही. ते नाव कानावर पडलं की सोंग आपोआप गळतं.

हाक ऐकल्यावर काय करायचं हेही आधीच ठरवा. मला पटलेली पद्धत अशी: ज्यांना मदत करायची नाही ते सगळे जागच्या जागी खाली बसतात. मग उभे कोण, पडलेलं कोण, मदतीला धावतंय कोण, हे दुरूनही दिसतं. खेळ सुरू होण्याआधी याची दोन-तीनदा खोटी तालीम घ्या. पहिल्या वेळी लोक हसतात, हसू देत. आणि ग्रुपमध्ये मल्याळी, फिलिपिनो, लेबनीज मित्र असणारच, त्यांनाही हे दोन शब्द पाठ करायला लावा. ‘खेळात मेलेल्यांनी’ डोक्यावर हात ठेवून चालायचं, म्हणजे आडवा पडलेला प्रत्येक माणूस खराच आडवा आहे असं धरता येतं. माझ्या मते वाळूत पडून मरण्याचा अभिनय करायलाच बंदी घाला. गेम थोडा कमी नाट्यमय होईल, चालेल.

आता उन्हाकडे. यूएईत उन्हाळ्यात असला खेळ करूच नये. १ ऑगस्ट २०२५ ला स्वैहानमध्ये ५१.८ अंश नोंदले गेले, त्यावर चर्चा करण्यासारखं काही नाही. पण धोका ५१ ला सुरू होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, लाखो लोक तासन् तास उन्हात बसले आणि १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरचं तापमान होतं ३८ अंशांच्या आसपास. म्हणजे तुमच्या फोनवर जो आकडा ‘बरा आहे की’ वाटावा, तो. त्यानंतर राज्य सरकारने दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम नकोत असं सांगितलं. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. हा नियम कामगारांसाठी आहे. हौसेने धावणाऱ्याला कुणी थांबवत नाही.

फोनवरचं तापमान फसवं का, तर शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे. घाम किती सुकेल हे ठरतं हवेतल्या दमटपणावर, वाऱ्यावर आणि डोक्यावरच्या उन्हावर. म्हणून लष्कर आणि क्रीडासंस्था वेगळा निर्देशांक वापरतात. त्यात ७० टक्के वजन ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरला, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला आणि फक्त १० टक्के साध्या हवेच्या तापमानाला. तो मोजणारं हातात मावणारं यंत्र मिळतं, ग्रुपमध्ये वर्गणी काढून एक घ्या. त्यातून एक न पटणारी गोष्ट कळेल: किनाऱ्यालगत रात्र नेहमीच सुरक्षित नसते. सूर्य मावळल्यावर तिथला दमटपणा चढतो, आणि सप्टेंबरमधल्या रात्री नऊ वाजता घाम नुसता ओघळत राहतो, सुकत नाही. आतल्या वाळवंटात हवा कोरडी, तिथे उलटं होतं, घाम इतका झटपट सुकतो की आपल्याला आलाच नाही असं वाटतं.

आणि हे सगळे आकडे हलक्या कपड्यांतल्या माणसासाठी. तुम्ही अंगरखा, त्यावर रेक्झिनचं चिलखत, कमरेला शेला आणि डोक्यावर पागोटं घालून धावणार आहात. घाम सुकायला जागाच नाही. वेषभूषेवर तीन महिने घालवलेल्या माणसाला ‘चिलखत काढ’ म्हणणं सोपं नाही, म्हणून ते खेळाच्या नियमातच बसवा: प्रत्येक तासाला वीस मिनिटं युद्धबंदी, सावलीत, चिलखत उतरवून, पाणी आणि काहीतरी खारट पोटात. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. आदल्याच आठवड्यात हिवाळ्यातल्या लंडनहून किंवा टोरांटोहून आलेला मित्र असेल तर त्याला पळापळीची भूमिका देऊ नका, शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. आपल्या खेळांत ‘कच्चं लिंबू’ असायचं ना, खेळायचं पण आऊट व्हायचं नाही? तशी भूमिका ठेवा. किल्लेदार बसून हुकूम सोडतो, त्यात कमीपणा कसला.

एवढं करूनही निखिल पडला तर? अंग तापलेलं आणि बोलणं भरकटलेलं, या दोन गोष्टी एकत्र असतील तर उष्माघात धरून चाला. घाम येत असला तरी. ‘घाम थांबला म्हणजे उष्माघात’ हे अर्धंच खरं आहे, पळता पळता होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी गार करा, मग हलवा. एकाने ९९८ ला फोन लावून रुग्णवाहिका मागवायची, बाकीच्यांनी त्याच क्षणी कामाला लागायचं. मेंदूचं आणि अवयवांचं किती नुकसान होईल हे ठरतं शरीर चाळीस अंशांच्या वर किती वेळ राहिलं यावर, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात गार केलेला माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी असते. टब नाही? ताडपत्री घ्या. माणसाला तिच्यावर झोपवा, चौघापाचांनी कडा उचलून झोळी करा, कूलरमधलं बर्फाचं पाणी ओता आणि झोळी हळूहळू हलवत राहा. डोकं पाण्याबाहेर, तोंडाकडे एकाचं सतत लक्ष. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. क्रोसिनही नको, तापाची गोळी या उष्णतेवर काम करत नाही. म्हणजे तुमच्या सामानात एक मोठी ताडपत्री आणि पिण्याच्या बर्फाव्यतिरिक्त, कुणीही हात न लावायचा, दोन कूलर बर्फ हवाच.

ऊन सोडून दुसरा धोका पाण्याचा, आणि तो लोकांना खरा वाटत नाही. आपल्या कानाला ‘वाडी’ म्हणजे वस्ती. अरबी वाडी म्हणजे कोरडं नदीपात्र. सपाट, दोन्ही बाजूंना कडे, सावली, लढाईसाठी सुंदर जागा. पाऊस दूरच्या डोंगरात पडतो, तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि पाणी वळणावरून येतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते थोडक्यात हेच. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनच्या खत्म अल शकला भागात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ‘इथे कुठे पाऊस’ हे बोलणं बंद करावं. २०२३ पासून पावसात वाडी किंवा धरणाजवळ जमलात तर १००० दिरहम दंड आणि ६ काळे पॉइंट. वाहत्या वाडीत गाडी घातलीत तर २००० दिरहम, २३ पॉइंट आणि गाडी ६० दिवस जप्त. माझं मत, ढग असो वा नसो, रात्रीचा तंबू वाडीच्या तळाशी नकोच.

मदत बोलावणं हे वेगळंच काम आहे, कारण वाळूला पत्ता नसतो. दुबईतल्या इमारतींना मकानी क्रमांक असतात, टेकाडांना नसतात. सकाळी पोचल्यावर जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर उतरवा. फोनचं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, पण ते कुणाला सांगायला नेटवर्क लागतंच, म्हणून कुठल्या टेकाडावर कुणाच्या फोनला रेंज मिळते हे आधी चालून बघा. डांबरी रस्ता सुटतो त्या वळणावर एक गाडी आणि एक माणूस ठेवा, रुग्णवाहिका वाळूत रुतते, तिला तुमच्या फोर-व्हीलनेच भेटावं लागेल. पोलिस ९९९, रुग्णवाहिका ९९८, अग्निशमन ९९७, आणि डोंगरात किंवा आत खोल अडकलात तर राष्ट्रीय शोध व बचाव केंद्र ९९५. गाडी रुतली आणि मदत येत नसेल तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. हेलिकॉप्टरला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

परवान्यांबद्दल थोडक्यात: जागा कुणाची हे विचारा, चाळीस जणांचा कार्यक्रम म्हणून परवानगी लागते का हे त्या अमिरातीच्या कार्यालयात लेखी विचारा, तलवारीसारखं दिसणारं काहीही आणण्याआधी विचारा, आणि पोलिस किंवा सैनिक वाटेल असा पोशाख टाळा. डिसेंबरच्या थंडीत तंबूत कोळशाची शेगडी नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि परतीचा रस्ता. लोक सापविंचवांची चौकशी करतात, पण पहाटे तीनपर्यंत लढलेला माणूस सहाला गाडी चालवत दुबईला निघतो याबद्दल कुणी विचारत नाही. हिवाळ्यातल्या पहाटे इथे दाट धुकं उतरतं. ११ मार्च २००८ ला अबुधाबी-दुबई हायवेवर गंतूतजवळ अशाच धुक्यात गाड्यांवर गाड्या आदळत गेल्या, दोनशेच्या आसपास. तेव्हा चालकांची भूमिका रात्री अकराला संपवा, त्यांना खेळात खुशाल वीरमरण द्या आणि झोपायला पाठवा. नऊच्या आधी कुणी निघायचं नाही.

हे सगळं ज्याच्या डोक्यात असेल तो माणूस खेळात नको. सह्याद्रीतल्या ट्रेकला सगळ्यात मागे चालणारा एक असतो, त्याच्या मागे कुणी राहिलं नाही एवढंच तो बघतो. तसे दोघं हवेत, भूमिकेविना, भडक रंगाच्या जाकिटात. त्यांच्या खिशात एक कागद: प्रत्येकाचं खरं नाव, खेळातलं नाव, दमा-मधुमेह-ॲलर्जी, घरच्यांचा नंबर, कोण कुठल्या गाडीतून आलं. दर युद्धबंदीला ते या कागदावरून हजेरी घेतात, खऱ्या नावांनी. चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीस ‘हो’ आले तर पुढची लढाई सुरू होत नाही.