कुंडीला पाणी कोणी घालायचे?

आजी तुळशीला पाणी घालायला उठली, की "तू बस, मी घालतो" असे तुम्ही प्रेमाने म्हणत असाल. पण थांबा! १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. ९१ वृद्ध, त्यांत ७४ स्त्रिया. दोन गट पाडून प्रत्येकाला एक रोप दिले. पहिल्या गटाने रोप स्वतः निवडायचे, स्वतःच जोपासायचे. सिनेमाचा दिवसही स्वतः ठरवायचा. दुसऱ्या गटाच्या रोपांना पाणी घालणार परिचारिका. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक आनंदी, हिंडताफिरता दिसला. दीड वर्षात त्यातील ७ जण वारले, दुसऱ्यातील १३. आकडे इतके लहान, की मृत्यूंतला हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल.