शेजाऱ्यांच्या खांद्यावरील घर

फिलिपीन्समध्ये जेवणास बसलेला माणूस जवळून जाणाऱ्या परक्यासही ‘काइन तायो’, म्हणजे ‘चला, जेवू या’, असे म्हणतो. या आतिथ्याने प्रवासी भारावून जातो. परंतु या लोकांची परस्परांविषयीची आपुलकी खऱ्या अर्थाने दिसते ती ‘बायानिहान’ या प्रथेत. ‘बायान’ म्हणजे गाव किंवा देश. बांबूचे, निपाच्या झावळ्यांनी शाकारलेले घर हलवावयाचे असले, की गावकरी त्याला बांबूचे लांब दांडे बांधीत आणि अख्खे घर खांद्यावर उचलून नव्या जागी नेऊन ठेवीत. मजुरी कोणी घेत नसे; घरधनी सर्वांना जेवू घाली. आपल्याकडील इर्जिकीची येथे सहजच आठवण होते.

पक्की घरे आल्यापासून हे दृश्य दुर्मिळ झाले आहे. वृत्ती मात्र टिकून आहे. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत अनेकांचा रोजगार बुडाला असता, क्वेझॉन शहरातील मागिन्हावा रस्त्यावर एका तरुणीने बांबूच्या गाड्यावर अन्नधान्य मांडले. ज्याला शक्य असेल त्याने त्यात भर घालावी, ज्याला गरज असेल त्याने घेऊन जावे, एवढाच तेथील नियम होता. या उपक्रमावर काही अधिकाऱ्यांनी संशय घेतला, तरीही थोड्याच दिवसांत देशभर असे गाडे उभे राहिले.